दर्यात उतरण्याआधी

बचतगटाच्या बायकांची सहल म्हणजे पंढरपूर, नरसोबाची वाडी, फार तर गणपतीपुळे, असं आपण सगळ्याच धरून चालतो. आता मात्र कोल्हापूर भागातल्या आमच्या गटांमधून वेगळाच प्रश्न यायला लागलाय. "ताई, मालवणात पाण्याखाली नेऊन मासे दाखवतात म्हणे. आपल्याला जमंल का?" कुणाच्या तरी भाचीनं पाठवलेला व्हिडिओ मोबाईलवर फिरलेला असतो आणि गुडघाभर पाण्यापुढे कधी न गेलेल्या चाळीस-पंचेचाळिशीच्या बायका तो पुन्हा पुन्हा लावून बघत असतात.

कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोघी-तिघींच्या कपाळाला आठ्या पडल्या. रेशनचे प्रश्न आहेत, दारूचा प्रश्न आहे, घरात मार खाणाऱ्या बायका आहेत, आणि आपण स्कूबाची चर्चा करायची? मला हा आक्षेप समजतो, पण पटत नाही. भाऊ सात-आठ वर्षांचा झाला की त्याच्या पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकलतात आणि त्याच विहिरीवर बहीण धुणं धूत असते. पोहायला न येणं हा बायकांचा स्वभाव नव्हे, ती आपल्याला दिलेली वागणूक आहे. पाण्याची मौज आणि पाण्याचं ज्ञान या दोन्ही गोष्टी पुरुषांकडे गेल्या. आपल्याकडे पाणी राहिलं ते घागरीतलं.

तेव्हा बायकांनी जरूर जावं, या मताची मी आहे. मात्र माझा खरा मुद्दा जाण्याचा नाही, जाण्याच्या आखणीचा आहे. समुद्रात बुडी मारण्याची आखणी बायकांनी स्वतः केली तर त्यात आपल्या शरीराविषयी बोलण्याची, माहिती मागण्याची आणि नकार देण्याची जी सवय लागते, ती मी दहा शिबिरांत लागलेली पाहिली नाही. आणि ती आखणी दुसऱ्या कुणावर सोडली, तर उतरताना बाई नेहमीसारखीच असते : काय होणार आहे ते ठाऊक नाही, विचारायची सोय नाही आणि सगळे हसतायत म्हणून आपणही हसायचं.

आमच्या एका गटातल्या चौदा जणींनी मालवणला जायचं ठरवलं तेव्हा पहिला फोन गटाच्या अध्यक्षबाईंनी केला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "सोबत जेन्ट्स कोण आहेत? त्यांच्याशी बोलतो." अध्यक्षबाई म्हणाल्या, "जेन्ट्स नाहीत, आम्हीच आहोत. आमच्याशीच बोला." मग दर सांगितला गेला, जेवण सांगितलं गेलं, फोटो आणि व्हिडिओ फुकट हेही सांगितलं गेलं. किती खोल नेणार, एका माणसाकडे किती बायका देणार, होडीत किती जणं बसवणार, यातलं काहीही सांगितलं गेलं नाही. विचारल्यावर उत्तर आलं, "मॅडम, काही टेन्शन घेऊ नका." हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, बँकेत आपण ते ऐकलेलं आहे. दुसऱ्या ठिकाणी फोन केला तेव्हा नीट उत्तरं मिळाली, हेही सांगायला हवं. सगळे सारखे नसतात, पण प्रश्न विचारल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही.

मग आम्ही महिनाभर आधी दोन बैठका घेतल्या. पहिली बैठक पाठीवरच्या त्या सिलिंडरवरच गेली. त्यात ऑक्सिजन असतो अशी सगळ्यांची समजूत. पर्यटकांना देतात त्या सिलिंडरमध्ये आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. मालवणात नवख्या माणसाला त्याच्या बरंच अलीकडे ठेवतात, पण कानांना पहिल्या दोन-तीन मीटरांतच कळतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि कान मोकळे करायचे, दुखायला लागण्याआधीच करायचे. सर्दी असेल तर कान मोकळे होत नाहीत, आणि मग उतरायचं नाही. दुसरी गोष्ट श्वासाची. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि दाबातला सापेक्ष बदल पृष्ठभागाजवळ सर्वांत जास्त असतो. म्हणजे "अहो, उथळच तर आहे" हे म्हणणं फुप्फुसांच्या बाबतीत खरं नाही. बायकांना हे समजायला वेळ लागला नाही. कुकरची शिट्टी ज्यांनी हजारदा ऐकली आहे त्यांना दाब शिकवावा लागत नाही.

खुणांची उजळणी मात्र फार मजेची झाली. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ "छान" असा होत नाही. "वर चला" असा होतो. "ठीक आहे" म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. काहीतरी बिनसलंय हे सांगायला हाताचा पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग कानाकडे, छातीकडे, जिथं बिनसलंय तिथं बोट दाखवायचं. दुसऱ्या दिवसापासून गटात कुणी बोलून बोलून कंटाळा आणला की बाकीच्या अंगठा वर करायला लागल्या.

या खुणेमागे पाणबुड्यांचा एक जुना रिवाज आहे, आणि हा सगळा लेख मी त्याच्यासाठी लिहिते आहे. बुडी कुणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी थांबवू शकतं. पाण्यात पाय टाकण्याआधी, अर्ध्यावर, अगदी तळाशी गेल्यावरसुद्धा. एकीनं अंगठा वर केला की सोबतच्यांनी वर यायचं. का म्हणून विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, वर आल्यावर टोमणे मारायचे नाहीत आणि पैसे फुकट गेले असं तिला ऐकवायचं नाही. मी हा नियम सांगितला तेव्हा खोली थोडा वेळ गप्प झाली. मग मागून एक जण म्हणाली, "कारण न सांगता?" हो, कारण न सांगता. तिचा पुढचा प्रश्न मी इथं लिहीत नाही. तो समुद्राबद्दल नव्हता.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला गटकार्य शिकवताना सहभागाची किती तरी सूत्रं होती. सहभाग न घेण्याचा मान राखायचं सूत्र मात्र त्यात ठळकपणे कुठं होतं असं मला आठवत नाही. म्हणून आम्ही गटात आधीच ठरवून टाकलं : मालवणला चौदा जणी जाणार, पाण्यात किती उतरणार ते कुणी मोजायचं नाही आणि न उतरणारीला कुणी विचारायचं नाही.

आता त्या फॉर्मबद्दल. पाण्यात नेण्याआधी आरोग्याची माहिती भरून घेतात. दमा, फिट येणं, हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, चालू औषधं, गर्भारपण. प्रश्न योग्यच आहेत. ते विचारण्याची जागा आणि वेळ चुकीची असते. वाळूत उभं राहून, ऊन डोक्यावर, होडी सुटायची घाई, एकमेकींच्या पाठीवर कागद ठेवून सह्या चाललेल्या. एका किनाऱ्यावर मी स्वतः ऐकलंय, "काकू, सगळीकडे 'नाही' लिहा, नाहीतर सोडणार नाहीत." आता शेजारी नणंद उभी आहे, पुढे शेजारीण आहे. अशा वेळी कोणती बाई लिहील की मला दमा आहे? आपल्याकडे "दमेकरी सून" हा शब्द माहेरपर्यंत पोचतो. लग्नाच्या वेळी लपवलेली फिट समुद्रकिनाऱ्यावर कोण सांगेल?

आम्ही तो फॉर्म आधीच मागवला. मराठी नीट नव्हतं, ते पुन्हा लिहून काढलं आणि प्रत्येकीशी एकटीनं बसून वाचला. चौदा जणींमध्ये रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या चौघी निघाल्या. त्यातल्या दोघींच्या घरात ते ठाऊक नव्हतं. एकीच्या पर्समध्ये दम्याचा पंप होता आणि तो ती मोरीत जाऊन घेत होती. यातल्या प्रत्येकीला आम्ही डॉक्टरकडे पाठवलं. कुणाला परवानगी मिळाली, कुणाला नाही. आणि एक नव्यानं लग्न झालेली मुलगी निघाली. तिची पाळी दहा दिवस चुकली होती, ते तिनं अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं, आणि सहलीला तिची जाऊ बरोबर येणार होती. ओळख पटेल असं याहून जास्त सांगत नाही. गर्भारपणात सिलिंडर लावून उतरायचं नाही हा सगळीकडचा नियम आहे. दाबामुळे रक्तात बुडबुडे झाले तर आईच्या शरीरात ते फुप्फुसांत गाळले जाऊ शकतात. पोटातल्या बाळाची फुप्फुसं त्या कामाला लागलेलीच नसतात. हे तिला शांतपणे, दार लावून सांगता आलं. ती मालवणला आली, वाळूत बसली, खूप हसली. तिच्यासारख्याच आणखी काही जणी काठावर होत्या. कुणाचं कारण काय, ते कुणाला कळलं नाही. जावेनं विचारलं नाही, कारण न विचारण्याचं आधीच ठरलेलं होतं. किनाऱ्यावरच्या घाईत हीच मुलगी "नाही" वर खूण करून पाण्यात गेली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जाता जाता, पाळीबद्दलही बोलून घेऊ. पाळी चालू असताना उतरायला वैद्यकीय अडचण नाही. बरं वाटत नसेल तर उतरू नये, एवढंच. रक्ताच्या वासानं शार्क येतात हे आमच्या एका शिकलेल्या कार्यकर्तीनंही मला सांगितलं. त्याला आधार नाही. विटाळ देवळातून निघून समुद्रात पोचला, एवढाच त्याचा अर्थ.

यानंतरचा विषय स्पर्शाचा. नवख्या माणसाला पाण्याखाली मार्गदर्शक धरून ठेवतो आणि ते गरजेचं असतं. कुठं धरतो हे आधी विचारता येतं. पाठीवरच्या सिलिंडरला, जाकिटाच्या पट्ट्याला, दंडाला धरून काम भागतं. पट्टे आवळताना हात कुठून जाणार ते दाखवायला सांगावं, हवं तर एकमेकींचे पट्टे आपणच आवळावेत. बहुतेक मुलं सरळ असतात आणि असं विचारलेलं त्यांनाही सोयीचंच वाटतं. एखाद्यानं गैरफायदा घेतलाच तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात गिऱ्हाईक म्हणून आलेली बाईही तक्रार करू शकते. तिथं नोकरीत असण्याची अट नाही. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कपडे बदलायची बंद जागा आहे का, अंगाला बसेल असा वेटसूट आहे का, साडी बदलून नक्की काय घालायचं, हेही फोनवरच विचारावं. आणि तो फुकटचा व्हिडिओ! तो कोण काढतं, कुणाच्या मोबाईलवर जातो, होडीतल्या परक्या माणसांनाही पाठवतात का? आमच्यातल्या तिघींनी व्हिडिओ नको म्हणून सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं.

पाण्याखालच्या भीतीत होडी विसरली जाते. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. बुडी संपलेली होती, किनारा समोर होता. म्हणून होडीत पाय ठेवल्यापासून वाळूला पाय लागेपर्यंत जीवरक्षक जाकीट अंगावर, पट्टे लावलेलं. साडीवर फुगतं, फोटोत बरं दिसत नाही, असलं काही ऐकायचं नाही. होडीत माणसं जास्त होतायत असं दिसलं तर तिथंही अंगठा वर करता येतो.

दिवस कोणता घ्यायचा हे आम्हाला एका कोळीणकाकूंनी शिकवलं. जून ते ऑगस्ट जलक्रीडा बंदच असतात, आणि पाणी त्यातल्या त्यात नितळ डिसेंबर-जानेवारीत, एवढं आम्हाला ठाऊक होतं. आम्ही रविवार बघत होतो, काकू तिथी बघत होत्या. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, गाळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी त्या मानानं सुस्त. आमची तारीख त्यांनी आठवड्यानं पुढे ढकलायला लावली. मासळीच्या टोपलीवर उभी हयात काढलेल्या या बाईला मी विचारलं, तुम्ही कधी पाण्याखाली बघितलंत का? त्या म्हणाल्या, "उभो जल्म दर्यार गेलो, पण पेवूक येणा नाय गो माका."

असं सगळीकडे नाही, हे बायकांना सांगावं लागतं. कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका सिलिंडरशिवाय समुद्रतळाशी जाऊन कालवं-शेवाळ काढतात. त्यातल्या कित्येक आज्या आहेत, आणि युनेस्कोनं २०१६ मध्ये त्यांच्या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. आपल्याच देशात रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरच्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून समुद्रशेवाळासाठी बुड्या मारतात. अमेरिकेत १९७० मध्ये सिल्व्हिया अर्ल या शास्त्रज्ञ बाईंच्या नेतृत्वाखाली पाच जणी दोन आठवडे समुद्राखालच्या घरात राहिल्या. बायका आणि पुरुषांना पाण्याखाली एकत्र कसं ठेवायचं, असा पेच आयोजकांना पडला होता, म्हणून ही बायकांची वेगळी तुकडी. हे ऐकून आमच्या एका मावशी म्हणाल्या, "म्हणजे तिकडंबी तसंच हाय की."

परतीचंही आखून घ्यावं लागतं. बुडी मारून लगेच विमानात बसायचं नाही. एका बुडीनंतर किमान बारा तास आणि एकापेक्षा जास्त असतील तर अठरा तास थांबायचं असं सांगतात. आमच्याकडे विमान कुठलं, पण घाट आहे. गगनबावडा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वर. पर्यटकांच्या उथळ बुडीत धोका फार कमी असतो, तरी आम्ही एक रात्र मालवणातच राहिलो आणि सकाळी घाट चढलो. एका घरगुती निवासात उतरलो होतो. त्या रात्रीचं बोलणं मला बुडीपेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरांचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्यातच येतं. मासेमारीवर बंधनं येणार म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला, तो राग अजून आहे. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही, तुकडा पिशवीत घालायचा नाही. प्रवाळाला वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. हे आम्ही बायकांना बजावलं होतंच. पण या समुद्रावर आता जो पर्यटनाचा पैसा येतो, तो कुणाच्या हातात जातो? मी पाहिलं ते असं : होडीवर पुरुष, सिलिंडर भरणारे पुरुष, पाण्यात नेणारे पुरुष, किनाऱ्यावर पैसे घेणारे पुरुष. सोलकढी, वडे, पाहुण्यांच्या चादरी, संडास-मोरी, पहाटे पाचचा चहा हे सगळं बायकांकडे. ज्या घरात आम्ही राहिलो तिथल्या वहिनींना आमच्या अध्यक्षबाईंनी सरळ विचारलं, "होडी कुणाच्या नावावर?" त्या हसल्या. "व्हडी घोवाच्या नावार, कर्जार सही माजी."

थोडं दक्षिणेला वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना खारफुटी दाखवतात. २०१७ पासून त्यांचं हे काम चालू आहे, म्हणजे होडीवर बाई चालत नाही हे कारण टिकणारं नाही. राज्य सरकारनं २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिलांसाठीचं पर्यटन धोरण आणलं. बायकांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा त्यात आहे. वहिनींनी ते नावही ऐकलेलं नव्हतं. आम्ही त्यांना कागद पाठवायचं कबूल केलं, आणि त्यांनी त्यांच्या वाडीतल्या आठ जणींची नावं एका वहीच्या पानावर लिहून दिली. त्यातल्या पाच जणींनी नावापुढे कंसात लिहिलंय, पोहायला शिकायचं आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. स्थानिक बायकांसाठी दुपारची एखादी तुकडी तिथं काढता येईल का, असं विचारणारं पत्र त्या आठ जणींच्या सह्यांनी तयार होतंय.